नाळेचा जोर

विब्रेनचा फोन दरवर्षी मार्चअखेर येतो,
यंदा फेब्रुवारीतच आला.
"पुढचा पंखा थकलाय गं.
बटण दाबलं की गुरगुरतो नुसता,
नाळ जागची हलत नाही.
नैर्ऋत्येचा वारा असला की
थेट पुलाच्या खांबाचा मुका घ्यायला जाते."

वाउडसेंडच्या कालव्यात कडेकडेला अजून बर्फ.
पोलादी बोट, अकरा मीटर, बाटलीसारखी हिरवी,
नाव 'स्नेऑन'. फ्रिजियनमध्ये शनिवार.
क्रेनच्या पट्ट्यांत उचलून घेतली.
नाळेत आडवा बोगदा, या कुशीतून त्या कुशीत,
मांजर मावेल एवढा.
खांद्यापर्यंत हात घातला:
मूठभर शिंपले, पात्यांना शेवाळ,
जस्ताचा गोळा निम्मा झिजलेला, पण त्याचं कामच झिजायचं.
खरवडलं, नवा जस्त लावला, पाण्यात सोडली.
बटण.
तीच गुरगुर.

ब्रश पाहिले, ठीक.
बॅटरीला मीटर लावला: बारा पूर्णांक सात.
"बघ पोरी, ठणठणीत!"
म्हटलं, थांबा.
निवांत बसलेल्याला कसं चाललंय विचारलं
तर बारा पूर्णांक सातच सांगेल कुणीही.
आता बटण दाबा, आणि दाबून धरा.

बॅटरीपाशी अकरा पूर्णांक आठ.
पुढं मोटरपाशी
आठ पूर्णांक नऊ.

मधले तीन व्होल्ट वाटेत कुठं सांडत होते,
म्हणून तळफळ्या उचलल्या.
वराम्यापासून नाळेपर्यंत केबल
करंगळीएवढी,
जिथं अंगठ्याएवढी हवी.
हात ठेवला तर चहाच्या कपासारखी कोमट.

"पंखा कधी बसवलात?"
"एकोणीस वर्षं झाली. बाउक्येचे गुडघे गेले तेव्हा.
मीच बसवला, एका सुट्टीत."
"आणि ही केबल?"
"तेव्हाचीच."
मग माझा हिशेब चुकेना.
पहिल्या दिवशीही त्याच्यात एवढंच बळ होतं.

"पण चालायचा की," तो म्हणाला.
"पुलापाशी, जलद्वारात, चांगल्या वाऱ्यातसुद्धा.
मी बटण दाबायचो अन् नाळ वळायची.
परवाच्या उन्हाळ्यापर्यंत."

परवाच्या उन्हाळ्यापर्यंत बाउक्ये होती.
पुढच्या कठड्याशी, पिवळ्या रेनकोटात,
जणू हवा खायला उभी.
येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची, एकच हात.

आकडी अजून छपरावर बांधलेली आहे.
टोकाचं पितळ एका अंगानं सपाट,
दांड्याचं वार्निश दोन ठिकाणी उडालेलं,
दोन तळव्यांएवढं, खांद्याइतकं अंतर सोडून.
मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.
मागे चाकाशी त्याचं बोट बटणावर,
पुढं तिची काठी धक्क्यावर,
आणि मधे नऊ मीटर बोट,
जिच्यातून आवाज तेवढा पोचायचा.

मी केबलचा भाव सांगितला.
सत्तर चौरस मिलिमीटर तांबं, जाऊन येऊन अठरा मीटर,
नवा फ्यूज, दोन दिवसांची मजुरी.
"नाहीतर बॅटरीच पुढं ठेवू, नाळेतल्या पलंगाखाली.
मग एवढ्या लांबून जोर आणायला नको."
तो बराच वेळ पाण्याकडे पाहत होता.
"डावीकडे जागा आहे," म्हणाला.
"तिकडं आता काही नसतं."

हत्यारं आवरून मी धक्क्यावर उतरले,
तेव्हा तो छपरापाशी उभा,
आकडीची गाठ सोडत.
पितळावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा.
"एकोणीस वर्षं आठ पूर्णांक नऊ?"
"साधारण."

"आणि मी," तो म्हणाला,
आणि हसायला लागला, खोकला येईपर्यंत,
"मी अर्ध्या गावाला सांगत फिरलो,
हाच पंखा घ्या म्हणून."